दोन बॅटऱ्यांच्या आत्याबाई

आमच्या आत्याबाई कुणाला "बरं आहे ना?" असं विचारत नसत. त्या विचारत, "चार्ज किती आहे?" भाजीवालीपासून गुरुजींपर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न. लोकांनाही हळूहळू त्याची सवय झाली. गल्लीतला म्हातारा शिंपी "आज जरा उतरलाय, बाई" म्हणून गुडघ्याकडे बोट दाखवायचा आणि पोस्टमन सायकलवरूनच "फुल है, बाई, फुल" असं ओरडत पुढे जायचा. मला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात नवी सून होऊन आले होते. डोक्यावरचा पदर सावरणंही मला धड जमत नव्हतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझी हनुवटी वर उचलली आणि म्हणाल्या, "काय पोरी, चार्ज किती आहे?" मला वाटलं, शिक्षण विचारताहेत. मी म्हटलं, "सातवी पास."

त्या इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पुष्कळ आहे की. एवढ्यावर गाडी खंडव्यापर्यंत जाईल."

गोदावरी हे त्यांचं नाव. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, ही धाकटी बहीण. लहानपणीच लग्न झालं आणि पुरतं सासर कळायच्या आतच कपाळ पांढरं झालं. मामंजी तेव्हा नुकतेच कापडाच्या दुकानात बसू लागले होते. ते स्वतः जाऊन बहिणीला घेऊन आले आणि नातलगांचे टोमणे ऐकत तिला शाळेत घातलं, पुढे शिक्षिकेच्या परीक्षेलाही बसवलं. आत्याबाईंना नर्मदेपलीकडच्या एका लहानशा संस्थानात राजकन्यांना शिकवायची नोकरी लागली. राजकन्या मोठ्या होऊन सासरी गेल्या, तरी आत्याबाई तिथेच राहिल्या. मग देशातली संस्थानं एकेक करून विलीन व्हायला लागली आणि त्या संस्थानाचीही पाळी आली.

वाड्यातला पसारा आवरताना राणीसाहेबांनी जुन्या माणसांना एकेक करून बोलावलं आणि आठवण म्हणून काय नेणार ते विचारलं. कुणी चांदीचं तबक मागितलं, कुणी दुभती गाय, कुणी नुसताच राजेसाहेबांचा फोटो. आत्याबाई म्हणाल्या, "ती शिकारीची मोटार." राणीसाहेबांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण पडद्यापलीकडून राजेसाहेब म्हणाले म्हणे, "जाऊ द्या त्यांना घेऊन. आमच्या राज्यात आता तेवढंच काय ते चालतंय." हे सांगताना आत्याबाई पुढे जोडत, "त्यांचं राज्य गेलं आणि मला घर मिळालं. विलीनीकरणात एवढा फायदा दुसऱ्या कुणाचा झाला नसेल."

घरच होतं ते. लॉरीच्या सांगाड्यावर कुण्या साहेबाच्या कारखान्यात बांधलेली सागवानी खोली. आत दोन बाकं, रात्री त्यांचे पलंग व्हायचे. भिंतीतून खाली उतरणारं टेबल, टपावर पाण्याची टाकी, छताला सहा दिवे आणि कोपऱ्यात एक विजेचा पंखा. बंदुका अडकवायच्या खाचांत आत्याबाईंनी लाटणं, झारा आणि पळ्या अडकवल्या. शिकारीचं मांस ठेवायच्या जाळीच्या कपाटात त्यांनी आधी गंगेचं पाणी शिंपडलं, मग उदबत्ती फिरवली आणि मग लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. सासूबाईंनी तरीही त्या लोणच्याला पुढे दोन वर्षं हात लावला नाही.

आणि ही मोटार त्या स्वतः चालवायच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, कपाळावर आलेले केस मागे सारून त्या चाकामागे बसत. वाड्याच्या आवारात त्यांनी राजकन्यांबरोबर शिकून घेतलं होतं. मोटार पहिल्यांदा बुऱ्हाणपुरात आली तेव्हा टांगेवाले टांगे थांबवून उभे राहिले. मागाच्या कारखान्यांतली माणसं खटखट बंद करून रस्त्यावर आली. लोधीपुऱ्याच्या गल्लीत काही ती शिरेना. शेवटी तापीच्या वाटेवर एका ओळखीच्या माणसाचं मोकळं आवार होतं, तिथे चिंचेखाली ती उभी केली. मामंजी म्हणाले, आता घरी चल. आत्याबाई म्हणाल्या, जेवायला रोज येईन, पण झोपायला मला माझं घर आहे. मामंजींचा चेहरा पडला. गावात नाव असलेला माणूस, आणि त्याची विधवा बहीण चाकावर राहणार. त्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण ह्या बहिणीला "नाही" म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

त्या मोटारीतल्या दोन बॅटऱ्या हा आत्याबाईंचा जीव की प्राण. एक पुढची, इंजिन चालू करण्यापुरती. तिला त्या "गाडीची" म्हणत. दुसरी पायरीखालच्या लाकडी पेटीत, दिव्यांसाठी आणि पंख्यासाठी. ती "घरची". दोघींच्या मध्ये पितळी पात्याचा एक मोठा खटका होता. इंजिन चालू असलं की खटका वर करायचा, म्हणजे डायनॅमो दोघींनाही भरतो. मोटार थांबली की पहिलं काम, खटका खाली. मग दिवे कितीही लावा, ते फक्त घरच्या बॅटरीतून खातात आणि गाडीची भरलेली राहते. खटका वर राहिला तर दिवे दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करतात आणि सकाळी मोटार हलत नाही. हातानं फिरवून इंजिन चालू करायचं हँडल कुठल्याशा शिकारीत जंगलातच राहिलं होतं, त्यामुळे हा खटका फार महत्त्वाचा. आत्याबाई मोटारीतून उतरताना लोक देवाला हात लावतात तसा त्याला हात लावून उतरायच्या. कुणी तो विसरलं तर मात्र त्यांच्यातली मास्तरीण जागी व्हायची. "दिवाळी घरात करा, पण परतीची भाकरी त्यात खाऊ नका," असं त्या आम्हाला ऐकवत.

माझ्याकडे बॅटऱ्यांना पाणी पाजायचं काम आलं. हे पाणी साधं चालत नाही, वाफेचं लागतं. आम्ही चुलीवर पातेलं ठेवून त्यावर थंड पाण्याचं ताट झाकायचो आणि ताटाच्या बुडाला धरलेली वाफ थेंबाथेंबानं वाटीत जमवायचो. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या, मग न राहवून म्हणाल्या, "पाणी उकळायचं, त्याची वाफ करायची, वाफेचं पुन्हा पाणी करायचं. मग पहिल्या पाण्यानं काय घोडं मारलं होतं?" बॅटरीतला तेजाब, म्हणजे ॲसिड, किती कस धरून आहे हे बघायला एक काचेची नळी होती, वर रबरी फुगा, आत तरंगणारी दांडी. ती घेऊन मी मोटारीभोवती फिरायला लागले की चिंचेखाली जमलेल्या बाया विचारायच्या, "आज ताप किती आहे गं?" तेजाबाचे शिंतोडे उडून आत्याबाईंच्या एकूणएक लुगड्याला बारीक भोकं पडली होती. त्या त्यांना "बॅटरीच्या बुट्ट्या" म्हणायच्या. गल्लीतल्या एका विणकरणीनं ते लुगडं निरखून विचारलंही, हा माल कुठल्या मागावरचा, बाई, आमच्याकडे ही वीण नाही.

संध्याकाळी त्या सहाच्या सहा दिव्यांखाली आत्याबाईंनी मला सातवीच्या पुढचं शिकवायला घेतलं. गावातल्या मुलींच्या शाळेत त्यांना भूगोल शिकवायचं काम मिळालं होतं, आणि शाळा सुटली की त्यांचा उरलेला भूगोल माझ्या वाट्याला यायचा. मी पुढे मॅट्रिक झाले, शाळेत शिकवू लागले, ते ह्या दिव्यांखालचं. पण त्याबद्दल मला इथे सांगायचं नाही. मला सांगायचं आहे ते आवळीभोजनाचं.

कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायची रीत आहे. आत्याबाईंनी जाहीर केलं की ह्या वर्षी लोधीपुऱ्याच्या बाया डोईफोडिया गावाला जातील, जंगलाच्या कडेला तिथे म्हणे आवळीची मोठी झाडं आहेत. मोटारीत कधीही पाय न ठेवलेल्या सासूबाई "मी नुसती देवाचं म्हणून येते" असं सगळ्यांना सांगून बसल्या. गाव सोडून केळीच्या बागा लागेपर्यंत त्या डोळे मिटून स्तोत्र म्हणत होत्या. मग आत्याबाईंनी पंखा लावला. सासूबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. डोईफोडिया येईपर्यंत त्या पंख्यासमोर पदर धरून बसल्या होत्या आणि दुसऱ्या कुणाला सरकू देत नव्हत्या.

ज्या आवळीखाली आम्ही सतरंज्या घातल्या ती एका निवृत्त स्टेशनमास्तरांच्या शेतात निघाली. ते स्वतः बघायला आले. उंच, किडकिडीत, उन्हातही रेल्वेचा काळा कोट घातलेले. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, नोकरी संपल्यावर वडिलांच्या तुकड्यावर येऊन राहिलेले. आत्याबाई परवानगी न घेतल्याबद्दल काही बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष पायरीखालच्या पेटीकडे गेलं. ते उकिडवे बसले आणि म्हणाले की रेल्वेच्या डब्याखालीही अशाच पेट्या असतात, चाकाच्या पट्ट्यानं डायनॅमो फिरतो आणि डब्यातले दिवे लागतात. मग वर बघून त्यांनी विचारलं, "पण तुम्ही दोघींना वेगळं कुठे करता?"

आत्याबाईंना आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, गाडी किती पळते, आत झोप लागते का, नवरा कुठे असतो. आत्याबाईंनी हातातलं भाताचं पातेलं माझ्याकडे दिलं ते पुन्हा घेतलंच नाही. त्यांनी स्टेशनमास्तरांना खटका दाखवला, वर करून दाखवला, खाली करून दाखवला, पुन्हा वर करून दाखवला. भर दुपारी सहाही दिवे लावून दाखवले. पंखा दाखवला. स्टेशनमास्तर प्रत्येक दिव्याला "वा" म्हणत होते. मग ते तिथेच पायरीवर बसले आणि सांगू लागले की जन्मभर हजारो माणसांना गाडीत बसवून दिलं, पण स्वतः कुठेच गेलो नाही, कारण स्टेशन सोडून जायचं कुणी? आत्याबाई त्यावर काहीतरी म्हणाल्या आणि दोघंही हसायला लागले. आम्ही झाडाखाली बसून पंगतीत वाढत होतो आणि मोटारीतून हसण्याचा आवाज येत होता. एका पुरुषाचं आणि आत्याबाईंचं असं एकत्र हसणं आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. बायांनी माना खाली घातल्या आणि जास्तीच मन लावून भात कालवला.

ऊन उतरायला लागलं तशा आम्ही भांडी भरली. आत्याबाई चाकामागे बसल्या, बटण दाबलं. इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. आत्याबाईंनी मागे वळून बघितलं. पितळी खटका वर होता. दिवे आणि पंखा दुपारभर दोन्ही बॅटऱ्या पीत बसले होते.

आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. बाया घाबरल्या, गावाकडून माणसं जमली. एका शेतकऱ्यानं मोटारीला प्रदक्षिणा घातली आणि "काय बाई, गाडी रुसनी का?" असं विचारलं. स्टेशनमास्तर मात्र फार शांत होते. पुढे नाल्यापर्यंत उतार आहे, तिथवर नेली तर धक्क्यानं चालू होईल, असं म्हणून त्यांनी दोन बैलजोड्या मागवल्या. पुढे चार बैल, मागे लोधीपुऱ्याच्या बाया काष्टे मारून ढकलताहेत, आणि सगळ्यांत जोरात सासूबाई. त्या ढकलता ढकलता माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्या मेल्या खटक्यापायी मला किती बोलल्यात त्या, ठाऊक आहे? त्या स्वतः विसरल्या. ध्यानात घे, सूनबाई, काहीतरी झालंय." उताराच्या तोंडाशी बैल सोडले. मोटार सुटली, खडखडली, उचकी लागल्यासारखी दोनदा थांबली आणि धडाडून चालू झाली. आम्ही धावत धावत चढलो. मागे धुळीत स्टेशनमास्तर काळ्या कोटात पळत येत होते, कारण सासूबाईंचा पानाचा डबा झाडाखाली राहिला होता.

त्यानंतर स्टेशनमास्तर दर आठवडी बाजाराला मोटारबसनं बुऱ्हाणपूरला येऊ लागले. चिंचेखाली येऊन ते कोटाच्या खिशातून औषधाची धुतलेली बाटली काढत आणि आत्याबाईंच्या हातात देत. बाटलीत वाफेचं पाणी असे. स्वतः घरी पातेलं चढवून जमवलेलं. आत्याबाई बाटली उजेडात धरून बघत आणि "स्वच्छ आहे" म्हणत. झालं, एवढंच बोलणं. मग दोघं मिळून बॅटऱ्यांची झाकणं उघडत. सासूबाई घरी येऊन मला म्हणाल्या, "कुणी गजरा आणतं, कुणी पेढे आणतं. हा बाबा उकळलेलं पाणी आणतो. आणि वन्सं त्याच्यावर लाजतात."

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आम्ही दोघी बॅटरीला पाणी घालत होतो. आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरी, मी लग्न करीन म्हणते." माझ्या हातून काचेची नळी पडली आणि फुटली. त्यांनी तुकडे गोळा करायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "फुटू दे. ते खंडव्याहून दुसरी आणतील. पण दादाला तू सांग. मला भीती वाटते." राजेसाहेबांकडे मोटार मागणारी ही बाई, हिला भीती वाटते म्हणते. मी त्या काळात मामंजींसमोर पदर न घेता उभीसुद्धा राहत नव्हते. मी ते सासूबाईंवर सोपवलं.

सासूबाईंनी ते दुपारच्या जेवणात, कढी वाढताना, सांगून टाकलं. मामंजी ताटावरून उठले. दोन दिवस ते घरात कुणाशी बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, लोक काय म्हणतील ही काळजी असणार. पन्नाशीला टेकलेली बहीण, शाळेतली शिक्षिका, तिचं लग्न लावायचं म्हणजे अख्ख्या बाजारपेठेला तोंड द्यायचं. माझे यजमान त्यांना समजवायला गेले की आता दिवस बदलले, कायदाही आड येत नाही. मामंजी म्हणाले, "मला कायदा सांगू नकोस." मग त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. "मीच तिला एकदा सासरी पाठवली होती. बाहुल्या घेऊन गेली होती ती. मीच परत घेऊन आलो. बैलगाडीत सगळ्या वाटेनं माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती, एक अक्षर बोलली नाही. पुन्हा मला ते होणार नाही."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या मामंजींच्या शब्दाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही तिला पाठवली होती. आता ती आपली आपण जातेय. आणि गाडी तिची आहे, वाटेल तेव्हा परत येईल." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि बराच वेळ मसाला कुटत राहिल्या.

मामंजी "हो" म्हणाले नाहीत, "नाही" पण म्हणाले नाहीत. लग्नाच्या सकाळी ते नेहमीसारखे दुकानाला गेले. लग्न तापीकाठच्या एका लहान देवळात लागलं. कन्यादान आम्ही दोघांनी केलं, आणि भाच्यानं आणि भाचेसुनेनं आत्याचं कन्यादान कसं करायचं ह्याबद्दल गुरुजी पोथी चाळत राहिले. त्यांनी सवयीनं "मुलीला बोलवा" म्हटलं, तेव्हा "मुलगी" मोटारीखालून बाहेर आली, कारण निघताना एक तार सैल वाटली होती म्हणून तिनं ती आवळली होती. नव्या शालूला पहिली बुट्टी पडली होती. स्टेशनमास्तरांनी ती बघितली आणि इतक्या प्रेमानं हसले की सासूबाईंनी अक्षता वेळेआधीच टाकल्या.

वरात म्हणजे तीच मोटार. आत्याबाई चाकामागे, शेजारी नवरदेव हातात टोपी धरून. गावाच्या शिवेपर्यंत पोचवायला म्हणून आम्ही दोघं मागे बसलो होतो. सासूबाई देवळापासूनच घरी वळल्या होत्या. दुकानाच्या रस्त्यानं जाताना त्यांनी मोटार हळू केली, पण दुकानाला कुलूप होतं. त्यांनी पुन्हा वेग घेतला आणि मी बघितलं, आरशात त्यांचे डोळे भरले होते.

गाव संपून केळीच्या बागा सुरू होतात तिथे, रस्त्याच्या मधोमध, छत्री उघडून मामंजी उभे होते. पायाशी वळकटी. आत्याबाईंनी ब्रेक लावला. मामंजींनी छत्री मिटली, पुढे आले आणि खिडकीशी उभं राहून विचारलं, "गोदी, बरोबर पाठराखीण कोण आहे?"

आत्याबाई म्हणाल्या, "कुणी नाही, दादा."

"मग मी येतो," मामंजी म्हणाले आणि वळकटी उचलून मागच्या दारानं चढले. स्टेशनमास्तर त्यांना पुढे जागा द्यायला उठत होते, त्यांना हातानंच बसवलं. आम्ही दोघं उतरलो. मोटार धुळीत दिसेनाशी होईपर्यंत मागच्या काचेत मामंजींची टोपी दिसत होती, गचक्यासरशी वर जाणारी आणि खाली येणारी.

पाठराखीण साधारण चार दिवसांत परतते. मामंजी महिना उलटला तरी परतले नाहीत. तिघं मिळून ओंकारेश्वर करून आले, तिथून पुढे आणखी कुठे कुठे. परतले ते उन्हानं रापून, धोतराला दोन तेजाबाची भोकं घेऊन. ओट्यावर चपला काढता काढता त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तुमचा चार्ज किती आहे? ती माणसं दिवाळीनंतर नाशिकला निघताहेत." सासूबाई म्हणाल्या की त्यांनी कपडे बांधूनच ठेवलेत, फक्त पंख्यासमोरची जागा त्यांची आहे, हे आधी ठरवून घ्या.

ती मोटार आणखी बरीच वर्षं चालली. स्टेशनमास्तरांनी त्यातून आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला आणि दिवसभर किनाऱ्यावर कोट घालून बसले. मग कधीतरी इंजिन गेलं आणि मोटार डोईफोडियाच्या आवळीखाली कायमची उभी राहिली. तरी बॅटऱ्या मरू द्यायच्या नाहीत म्हणून स्टेशनमास्तर त्या आळीपाळीनं बसच्या टपावर टाकून बुऱ्हाणपूरला चार्जिंगला आणायचे.

आत्याबाई आजारी पडल्या तेव्हा मी शाळेला रजा टाकून तिकडे गेले. त्यांना उठता येत नव्हतं. पलंग खिडकीशी होता आणि खिडकीतून मोटार दिसायची. मी जवळ बसले तर बारीक आवाजात म्हणाल्या, "पोरी, जरा जाऊन हॉर्न वाजव ना. फार दिवस ऐकला नाही." मी गेले, चाकामागे बसले. आजारी माणूस आहे म्हणून मी बोटानं हलकेच दाबला. पीं, एवढाच आवाज आला.

खिडकीतून त्यांचा आवाज आला, आजारपणातून इतका कसा निघाला कोण जाणे. "असा नाही गं. वर्गात बसलीयेस का? समोर म्हैस उभी आहे असं समज."

मी दोन्ही तळहात ठेवून सगळा जोर लावला. सगळं डोईफोडिया दणाणलं, कुत्री उठली, आवळीवरचे पोपट उडाले. आणि पलीकडच्या बांधावर एक म्हैस खरोखरच उभी होती. ती दचकली, वळली आणि शेपटी उंच करून ज्वारीतून पळत सुटली. तिच्यामागे काळ्या कोटात स्टेशनमास्तर. आत खिडकीशी आत्याबाई हसत होत्या, मी इकडे चाकावर डोकं टेकून हसत होते, आणि हात काही हॉर्नवरून उचलत नव्हते.